आजीचा पाव हिस्सा: मृत्युपत्र, नॉमिनी आणि वारसाहक्काचं घरच्या घरी काय करून ठेवायचं

आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये माझ्या काकांचा बारावा हिस्सा होता आणि ही गोष्ट पाच वर्षं आम्हाला माहीत नव्हती, काकांनाही नव्हती.

कसं ते सांगते. बाबा २०१६ ला गेले. फ्लॅट एकट्या बाबांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी आई. आईने अर्ज दिला, शेअर सर्टिफिकेटच्या मागे तिचं नाव चढलं, मेंटेनन्सचं बिल तिच्या नावाने यायला लागलं, आम्ही म्हटलं झालं काम. आजी म्हणजे बाबांची आई तेव्हा आमच्याकडेच राहायची, ८४ वर्षांची, ती २०१८ ला गेली. मग २०२३ ला बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि कागद तपासताना बिल्डरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, तुमचे वडील वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का?

होती ना. आणि हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला की १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. वडील मात्र त्यात येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. म्हणजे आमच्या फ्लॅटचे चार हिस्से पडले, आई, मी, दादा आणि आजी. आजी गेल्यावर तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे गेला, म्हणजे काका, आत्या आणि बाबांच्या वाट्याचा आम्हा दोघा भावंडांना. पावाचे तीन भाग केले की प्रत्येकी बारावा. काकांचा बारावा, आत्याचा बारावा. मुंबईतल्या फ्लॅटचा बारावा हिस्सा म्हणजे किती लाख होतात ते तुम्हीच हिशोब करा.

काका-आत्या दोघंही चांगले म्हणून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, मिळालं. पण आत्या चिपळूणहून गुडघे धरत आली, सब-रजिस्ट्रारकडे आम्ही सकाळी अकराला गेलो ते चार वाजता मोकळे झालो, आणि तिचा अंगठाच मशीनवर उठेना. आयुष्यभर भांडी, राख, शेतातली कामं, बोटाच्या रेषा झिजून गेलेल्या. तिथल्या माणसाने ओल्या रुमालाने बोट पुसून परत ठेवायला सांगितलं, चौथ्या की पाचव्या वेळी उठला. ती घाबरून मला म्हणाली, अगं माझ्यामुळे तुमचं अडलं का? मला तेव्हा इतकं वाईट वाटलं, कारण तिच्यामुळे काहीच अडलं नव्हतं, बाबांनी एक पान लिहून ठेवलं असतं की फ्लॅट माझ्या बायकोला, तर आजीचा हिस्साच निर्माण झाला नसता आणि आत्याला हा प्रवास पडला नसता.

म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, पण बाबांनंतरची सगळी कामं मीच केली आणि नंतर आईचं मृत्युपत्र करतानाही सगळं बसून समजून घेतलं. तुमच्या घरी काही गुंता असेल तर वकील लागेलच, पण वकिलाकडे जाण्याआधीचं निम्मं काम घरात बसून होतं.

आधी एक रविवार कागदांचा काढा

आमच्याकडे लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात साडीच्या दुकानाची एक जुनी प्लास्टिकची पिशवी होती, त्यात सगळं. फ्लॅटचं मूळ ॲग्रीमेंट, लॅमिनेट केलेलं शेअर सर्टिफिकेट (लॅमिनेट करू नका, मागे ट्रान्सफरची नोंद करायला जागा लागते), १९९८ च्या एफडीच्या पावत्या ज्या मोडल्या की रिन्यू झाल्या कुणालाच माहीत नाही, एलआयसीच्या तीन पॉलिसी, आणि एक डायरी ज्यात बाबांनी नुसतं लिहिलेलं, "पोस्ट ४०". पोस्टात चाळीस काय? हजार? लाख? ते शोधायला मला दोन महिने लागले.

तर एक साधी शंभर पानी वही घ्या, एक्सेल वगैरे नको, आईबाबांना वही उघडता येते. प्रत्येक गोष्टीला एक पान. फ्लॅट असेल तर कुणाच्या नावावर, ॲग्रीमेंट रजिस्टर्ड आहे का आणि मूळ कॉपी कुठे, कर्ज होतं का, फिटलं असेल तर बँकेकडून कागद परत आलेत का, सोसायटीत नॉमिनी कोण. बँक खातं असेल तर शाखा, खातं एकट्याचं की जॉइंट, जॉइंट असेल तर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो खातं चालवणार) आहे का, नॉमिनी कोण. मग एफडी, लॉकर, पीपीएफ, पोस्ट, म्युच्युअल फंड, डीमॅट, जुने कागदी शेअर, पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, सोनं, गावची जमीन, कुणाला दिलेले पैसे, कुणाकडून घेतलेले पैसे. घेतलेले पैसे लोक लिहीत नाहीत आणि तेच नंतर डोकेदुखी होतं, कारण गेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मालमत्तेतून आधी फेडावं लागतं.

पासवर्ड वहीत लिहू नका. पण मोबाइल कुठल्या नंबरवर आहे, ईमेल कुठला, हे लिहा आणि मोबाइलचं लॉक घरातल्या एका माणसाला माहीत असू द्या. ओटीपी सगळे त्याच फोनवर येतात आणि माणूस गेल्यावर घाईघाईत सिम बंद करून टाकलं की मग बसा.

वहीत शेवटच्या पानावर कोण कोण वारस ते लिहा, पूर्ण नावं, आधारवर जशी आहेत तशी. आमच्याकडे आईचं नाव शेअर सर्टिफिकेटवर एक, पॅनवर दुसरं आणि रेशनकार्डावर माहेरचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे घराघरात आहे, जिवंतपणी गॅझेटने नाहीतर ॲफिडेव्हिटने सरळ करून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

हे शंभर वेळा सांगितलं तरी लोकांना पटत नाही. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा मालमत्ता ज्याच्या हातात सोपवतात तो, पुढे त्याने ते खऱ्या वारसांना द्यायचं असतं. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे १९८३ लाच सांगितलं आणि शेअर, म्युच्युअल फंडाच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये परत स्पष्ट केलं. सोसायटीचंही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या सहकारी संस्था कायद्यात स्पष्टच आहे की वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. आमच्या आईचं नाव चढलं आणि आम्ही निर्धास्त झालो ती चूक इथेच झाली.

फक्त एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात नॉमिनी जर नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील असतील तर पैशावर हक्कही त्यांचाच मानला जातो. म्हणून लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत भावाचं नाव असेल तर ते आजच बदला. पीएफचं तर अजून वेगळं, लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, नव्याने भरावं लागतं, ईपीएफओच्या साइटवर ई-नॉमिनेशन आहे, अर्ध्या तासाचं काम.

मग नॉमिनी टाकायचाच कशाला? टाकायचाच. नॉमिनी असला की पैसे लवकर हातात येतात, नसला की वारसांचे दाखले, हमीपत्रं आणि हेलपाटे. हॉस्पिटलचं बिल भरायला, तेराव्याला, घर चालवायला पैसे लगेच लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकानंतर एक असे, लॉकरला मात्र एकानंतर एक असेच. डीमॅट आणि म्युच्युअल फंडात आता दहापर्यंत. सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत देतात, एक प्रत शिक्का मारून परत घ्या, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद झाली का ते विचारा. सेक्रेटरी बदलले की कागद हरवतात, तुमच्याकडची पोच हरवली नाही पाहिजे.

माझा सरळ सल्ला, नॉमिनी आणि मृत्युपत्रातला वारस एकच माणूस ठेवा. वेगळे ठेवलेत की तुम्ही गेल्यावर त्या दोघांना समोरासमोर उभं केलंत.

मृत्युपत्र नसेल तर कायदा काय करतो

पुरुषाचं वर सांगितलं. आता बायकांचं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं सगळं आधी मुलगे, मुली आणि नवरा यांना. नवरा नाही, मुलं नाहीत, तर मग नवऱ्याच्या वारसांना, म्हणजे दीर, नणंदा, त्यांची मुलं. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर! तिने स्वतः नोकरी करून घेतलेला फ्लॅट असला तरी. आईवडिलांकडून वारशाने मिळालेलं असेल तर मुलं नसताना ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, एवढीच सवलत. माझ्या ऑफिसमधल्या एका विधवा मैत्रिणीला हे कळलं, तिला मूलबाळ नाही, ती म्हातारी आई आणि लहान बहीण दोघींना सांभाळते, तिने त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं. कमावत्या बायकांनी, एकट्या बायकांनी, मूल नसलेल्या जोडप्यांनी तर हे काम पुढे ढकलूच नये.

मुलींचा हक्क हा विषय आता संपलेला आहे पण घरात अजून चालूच असतो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ पासून मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार, महाराष्ट्रात तर लग्न न झालेल्या मुलींसाठी १९९४ पासूनच होतं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. लग्नात सोनं दिलं म्हणून हक्क संपत नाही.

उलटा गैरसमजही आहे. बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट हा वडिलोपार्जित नसतो. तो त्यांचा स्वतःचा, ते कुणालाही देऊ शकतात, मुलाला, सुनेला, सांभाळणाऱ्या भाचीला, संस्थेला. "आमचा हक्क आहे" म्हणून मुलांनी दटावायचं काही कारण नाही.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर एक गेल्यावर दुसऱ्याला आपोआप सगळा मिळत नाही, जो गेला त्याचा भाग त्याच्या वारसांत वाटला जातो. आणि तरुण जोडप्यांनो, हे वाचा. नवरा मृत्युपत्राशिवाय गेला आणि मुलं लहान असतील तर मुलांच्या वाट्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते. पस्तिशीत गृहकर्ज आणि दोन लहान मुलं असताना मृत्युपत्राची गरज साठीतल्यापेक्षा कमी नाही, जास्त आहे. मृत्युपत्रात मुलांचे पालक कोण तेही लिहिता येतं.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. ख्रिश्चन आणि पारशी लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुस्लिम कुटुंबांत वारस आणि वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतात आणि मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही, बाकीच्या वारसांची संमती असेल तर वेगळं.

मृत्युपत्र कसं लिहायचं

साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, स्टॅम्प ड्युटी नाही, मराठीत चालतं, हाताने लिहिलेलं चालतं, टाइप केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही. ज्या गोष्टी लागतातच त्या दोन, करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलंय आणि ज्यांनी त्याच्यासमोर सही केलीय. व्हॉट्सॲपवर "सगळं तुझंच" असं पाठवलेलं किंवा व्हिडिओत बोललेलं म्हणजे मृत्युपत्र नाही.

आईचं आम्ही असं सुरू केलं:

"मी, खाली सही करणार, वय ७१ वर्षे, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे माझे शेवटचे मृत्युपत्र करून ठेवत आहे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करते."

मग कुटुंबात कोण कोण आहे ते. मग एकेक मालमत्ता, नुसतं "माझं घर" नाही, तर फ्लॅट नंबर, इमारत, सोसायटीचं नाव, शेअर सर्टिफिकेट नंबर, आपला हिस्सा किती. बँक खात्यांचे नंबर. मग कुणाला काय. मग हे वाक्य विसरायचं नाही, "वर उल्लेख न केलेली व पुढे मला मिळणारी माझी इतर सर्व मालमत्ता अमुकला मिळावी." हे नसलं की नंतर उघडलेल्या एफडीसाठी परत सगळे वारस गोळा करा. आणि ज्याला दिलंय तोच आपल्या आधी गेला तर कुणाला, हेही लिहा.

एक्झिक्युटर नेमा, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस. घरातला शांत डोक्याचा, कागद सांभाळणारा, शक्यतो वयाने लहान. साक्षीदारही आपल्यापेक्षा लहान वयाचे घ्या, कोर्टात बोलावलं तर ते हयात आणि सापडणारे हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला साक्षीदार करू नका. आमचे एक साक्षीदार फॅमिली डॉक्टर, त्यांनीच त्याच दिवशी आई पूर्ण शुद्धीत आणि समजून सही करतेय असं सर्टिफिकेट दिलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाचं हे सर्टिफिकेट जोडाच. प्रत्येक पानावर सही, खाली तारीख, खाडाखोड झाली तर पान नव्याने लिहा.

एखाद्या मुलाला कमी देणार असाल किंवा काहीच देणार नसाल तर का ते दोन ओळींत, राग न दाखवता लिहा. "थोरल्याला २००९ मध्ये घरासाठी मदत केली आहे म्हणून" एवढं पुरे. कारण नसलं की तो मुलगा म्हणतो आईला काही कळत नव्हतं, धाकट्याने सही घेतली.

नोंदणी सक्तीची नाही म्हटलं तरी मी करा म्हणेन, फी अगदी नाममात्र आहे, कागद सरकारी दप्तरात राहतो, कपाटातून गायब झाला तरी नक्कल मिळते. पण रजिस्टर्ड आहे म्हणून त्याला आव्हानच देता येत नाही असं नाही, आणि रजिस्टर्ड मृत्युपत्र नंतरच्या बिनरजिस्टर्ड मृत्युपत्रानेही बदलतं, शेवटचं जे असेल ते खरं. बदल छोटा असेल तर पुरवणी करता येते, मोठा असेल तर सरळ नवीन करा.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवू नका. लॉकर उघडायला कागद हवा आणि कागद लॉकरमध्ये, असं होतं.

प्रोबेटचं काय झालं ते

मुंबईत इतकी वर्षं एक वेगळाच नियम होता, मुंबई, कोलकाता, चेन्नई या तीन शहरांच्या हद्दीतली मालमत्ता किंवा तिथे केलेलं मृत्युपत्र असेल तर हिंदूंना हायकोर्टातून प्रोबेट घ्यावंच लागायचं, म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाचं शिक्कामोर्तब. ठाणे-डोंबिवलीवाल्यांना नाही आणि मुलुंडवाल्यांना मात्र हो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं आणि ती सक्ती गेली. तरी प्रोबेट घेता येतं, आणि वारसांमध्ये वाद असेल किंवा समोरचा खरेदीदार, बँक ऐकत नसेल तर घेतलेलं बरं. जुने वकील, जुनी सोसायटी अजून "प्रोबेट आणा" म्हणू शकतात, त्यांना हा बदल शांतपणे दाखवा. मृत्युपत्र नसेल तर शेअर, ठेवी अशा गोष्टींसाठी सक्सेशन सर्टिफिकेट (वारस कोण याचा कोर्टाचा दाखला), बाकीसाठी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेची व्यवस्था बघायचा कोर्टाने दिलेला अधिकार), मुंबईत ही कामं हायकोर्टात चालतात.

जिवंतपणीच नावावर करून टाकू का?

बरेच बाबा लोक म्हणतात, कटकट नको, बक्षीसपत्र करून मुलाच्या नावावर फ्लॅट टाकतो. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार वगैरे वेगळा, त्यामुळे मोह होतो. पण बक्षीसपत्र झालं की घर तुमचं राहत नाही, आणि मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. मी तरी कुणाही आईबाबांना राहतं घर द्या असं सांगणार नाही. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करायचा" आणि "हयातभर राहण्याचा हक्क आमचा" या अटी कागदात लिहून घ्या, कारण ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेलं बक्षीस, सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण रद्द करू शकतं, अट लिहिलेली असली की बाजू भक्कम होते.

अजून एक, मुखत्यारपत्र माणूस गेला त्या क्षणी संपतं. "माझ्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी आहे" म्हणून नंतर सह्या करू नका. गेलेल्याच्या एटीएम कार्डाने पैसे काढणं हेही करू नका, घरातलेच वारस नंतर स्टेटमेंट काढून विचारतात. आणि वारसा कर म्हणाल तर तो भारतात १९८५ पासून नाही, घाबरून काही करायची गरज नाही.

पागडीची खोली आणि गावची जमीन

गिरगाव, लालबाग, दादरला पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने घेतलेली खोली असेल तर ती मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, कारण भाडेकरूचा हक्क हा मालकी नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर तिथे राहत असलेल्या कुटुंबातल्या माणसाकडे हक्क जातो, असं कुणी नसेल तर मग वारसांपैकी. म्हणून जो खरंच आजोबांजवळ राहतोय त्याचं रेशनकार्ड, आधार, मतदार यादी, लाइट बिल सगळं त्या पत्त्यावर पाहिजे आणि भाडेपावती कुणाच्या नावाने फाटतेय ते बघा. आज चाळीचं रिडेव्हलपमेंट आलं की डोंबिवली-बदलापूरला गेलेली सगळी भावंडं परत येतात. आजोबा हयात असताना सगळ्यांनी एकत्र बसून काय ते लिहून ठेवा.

गावाकडचं दुखणं वेगळं. आमच्या चिपळूणकडच्या जमिनीच्या सातबारावर अजून पणजोबांची नावं होती. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं, आता ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्जही होतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. एक पिढी सोडली तर पाच नावांची सतरा होतात, दोन सोडल्या तर मोजायचं सोडून द्या. नोंद करताना बहिणींची नावं गाळणं किंवा "इतर हक्क" रकान्यात ढकलणं सर्रास चालतं, फेरफार उतारा (नावं कशी बदलली त्याची नोंद) काढून स्वतः वाचा. आणि सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही, तो महसुलाचा कागद आहे, पण नाव नसेल तर मात्र कुणी दारात उभं करत नाही.

माणूस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, मुंबईत महापालिकेकडे. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा आणि किमान दहा प्रती घ्या. मग बँका, विमा, पीएफ, सोसायटीला पत्र. सगळे कागद दिल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आता आहे, अर्ज देताना पोच घ्या. विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी तिथे सापडतात. बाबांच्या "पोस्ट ४०" चं गुपित मात्र असल्या कुठल्याच पोर्टलवर नव्हतं, ती चाळीस हजारांची किसान विकास पत्रं होती, गाद्यांच्या पेटीत जुन्या पंचांगात ठेवलेली.

सगळे वारस एकमताने असतील तर हक्कसोडपत्र लगेच करा, वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका. वारशाने आलेल्या मालमत्तेचं जवळच्या नात्यातलं हक्कसोडपत्र मोबदला न घेता असेल तर बहुतेक वेळा मुद्रांक शुल्क नाममात्रच, पण नोंदणी केलेलंच पाहिजे, नोटरीचं चालत नाही. आणि घरात आजी असेल तर तिचं आधी.

आईशी बोलायचं कसं

हा सगळ्यात अवघड भाग, कायद्याहून अवघड. मी पहिल्यांदा विषय काढला तर आई म्हणाली, "तिन्हीसांजेला असलं बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते." मी गप्प बसले. दोन आठवड्यांनी मी तिला तिचं नाही, माझं मृत्युपत्र दाखवलं. खरंच केलेलं, सहीसकट. ती चष्मा लावून वाचत बसली, मग म्हणाली, यात तू तुझ्या पाटल्यांचं काही लिहिलं नाहीस. तिथून ती बोलायला लागली.

दादाला मी त्याच दिवशी फोन केला, कारण एका भावंडाने एकट्याने बसून आईचं मृत्युपत्र करून घेणं म्हणजे पुढच्या संशयाला आमंत्रण. तो पुण्याहून आला, वहिनीही आली. मसुदा तिघांसमोर वाचला, पण सही करताना आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत थांबलो, आत फक्त आई, डॉक्टर आणि दुसरे साक्षीदार.

सोन्याला नॉमिनी नसतो, म्हणून दागिन्यांचे फोटो काढले, वजन लिहिलं, मृत्युपत्राला यादी जोडली. आईने पाटल्या वहिनीला दिल्या, मोहनमाळ मला, आणि आजीची चिंचपेटी आत्याला. ती चिंचपेटी कुणाची तरी राहिली होती हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आई म्हणाली, ती सासूबाईंनी मला सांभाळायला दिली होती, द्यायची तिलाच होती. मग मृत्युपत्रातून ती ओळ काढून टाकली आणि पुढच्या आठवड्यात आईनेच फोन करून आत्याला बोलावून घेतलं.